वकट हा शब्द कुणाचा?

समजा, तुमची शाळा अशी आहे: मैदान एक आणि शाळा दोन. फाटकातून आत शिरलात की डाव्या हाताला मराठी माध्यमाचे वर्ग, उजव्या हाताला कन्नड माध्यमाचे. मधे मैदान. मैदानाच्या टोकाला पाण्याची टाकी आणि तिला चार नळ. मधल्या सुट्टीत त्या नळांवर दोन्हीकडची मुलं धावतात आणि जो आधी पोहोचतो त्याच्या भाषेत भांडण होतं.

असं मैदान निपाणीजवळच्या एका गावात आहे. आता तुम्ही त्या मैदानाच्या मधोमध उभे आहात असं धरून चाला. तुमच्या हातात दांडू आहे. समोर तुमची जिवाभावाची मैत्रीण उभी आहे, तिच्या शेजारी तिच्याशी कडकडून भांडणारा एक मुलगा, आणि दोघंही तुमच्याकडे बघताहेत. दोघांनाही पक्कं वाटतं की तुम्ही त्यांच्या बाजूचे. तुम्ही काय कराल? उत्तर लगेच देऊ नका. आधी रचनाचं काय झालं ते ऐका.

रचना आठवीत होती, मराठी माध्यमात. तिचे वडील भरमा दगड घडवायचे. गावाबाहेर हायवे ओलांडला की एक खाण लागते आणि खाणीच्या अलीकडे पत्र्याची दहा-बारा घरं. त्यातल्या एका घरात रचना राहायची. ती मराठी मुलींशी मराठी बोलायची, कन्नड मुलांशी कन्नड, आणि दोन्ही इतकं सहज की ती मूळची कुठली, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. मराठीवाले म्हणायचे, ती आपली. कन्नडवालेही म्हणायचे, ती आपली. तिनं दोघांपैकी कुणाचंच म्हणणं खोडलं नव्हतं.

त्या वर्षी तालुक्यात देशी खेळांची स्पर्धा ठरली. त्यात विटी-दांडू होता आणि प्रत्येक शाळेनं एकच संघ पाठवायचा होता. पीटीच्या शरद सरांनी दोन्हीकडची मिळून सात मुलं निवडली. मराठीकडून रचना आणि तिची बाकावरची मैत्रीण आरोही होत्या. आरोहीच्या घरची शेती होती आणि बोलण्यात तिला कुणी हरवू शकत नसे. कन्नडकडून नागेंद्र होता. त्याचा टोला असा लांब जायचा, की विटी आणायला सायकल न्यावी असं मुलं गमतीनं म्हणायची.

तुमच्यापैकी काहींनी विटी-दांडू खेळला नसेल, म्हणून थोडं सांगतो. टोला मारल्यावर विटी जिथं पडते तिथपर्यंतचं अंतर दांडूनं मोजतात. पण एक, दोन, तीन असं मोजत नाहीत. वकट, लेंड, मुंड, नाल, आयदी, आर, वेद असं मोजतात. सात झाले की परत वकट. शेवटी जो शब्द येईल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. वकट आला तर विटी पावलावर ठेवून मारायची, मुंड आला तर मुठीवर ठेवून. गावागावात यात फरक पडतो. आणि त्या फरकावरूनच मंगळवारी सरावाच्या वेळी ठिणगी पडली.

नागेंद्र अंतर मोजत होता. "वकट, लेंड, मूर..."

"मूर न्हाय रं, मुंड!" आरोही ओरडली.

"मूरच," नागेंद्र म्हणाला. "मूरु म्हंजे कन्नडात तीन. तिसरा शब्द हाय न्हवं? तुम्हीच मोडून त्याचा मुंड केलायसा."

"आमचा खेळ, आमचे शब्द. आमचे आजोबा, आप्पा, ल्हानपनी ह्येच म्हणत हुते."

"आमचे अज्जा काय गोट्या खेळत हुते? नाल म्हंजे नाल्कु. आर म्हंजे आरु, सहा. आता मराठीत आर म्हंजे काय, सांग की!"

आरोही म्हणाली, "आर असती की! बैलाला टोचायची."

"मग सहाव्या टोल्याला बैल आणतीस व्हय?"

सगळी पोरं हसली. आरोहीलाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं. सर इतका वेळ मैदान आखायची दोरी मोजत होते. ते जवळ आले.

"नागेंद्र, नाल आणि आर तुझ्या बाजूनं पडले, मान्य," सर म्हणाले. "पण वकट? लेंड? कन्नडात एकाला ओंदु म्हणतात, दोनाला एरडु. यांचं काय?"

नागेंद्र डोकं खाजवू लागला. आरोहीनं टाळी वाजवली.

"तू टाळी वाजवू नकोस," सर म्हणाले. "मराठीत तरी वकट म्हणजे काय?"

टाळी थांबली.

सरांना अशा गोष्टींत फार रस. ते दांडूवर टेकून विचार करत राहिले आणि मग म्हणाले, "मलाही ठाऊक नाही. पंचासमोर सगळ्यांनी एकसारखंच मोजायला हवं, नाहीतर गुण जातात. तेव्हा असं करू. शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर इथंच जमू. वकट आणि लेंड कुठल्या भाषेतले, ते पुराव्यानिशी सांगायचं. ज्याचं पटेल त्याच्या पद्धतीनं मोजायचं, आणि स्पर्धेत मोठ्यानं मोजणाराही तोच."

बुधवारी संध्याकाळी रचना घरासमोर बसली होती. तिनं ते सात शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहिले होते आणि त्यांच्याकडे बघत होती. समोर तिचे वडील आणि चुलते घडवलेले दगड ट्रॉलीत चढवत होते. एक दगड दोघांनी उचलायचा, ट्रॉलीत ठेवायचा आणि वडिलांनी आकडा म्हणायचा. रोजचंच काम, रोजचेच आकडे.

"वकटी," वडील म्हणाले. धप्प. "रेंडू." धप्प. "मूडू. नालुगू. ऐदू..."

रचनाची पेन्सिल थांबली.

हे आकडे ती बोलायला लागल्यापासून ऐकत होती. विटी-दांडूचे शब्द ती चौथीपासून म्हणत होती. पण एक मोजणी घरातली आणि दुसरी मैदानावरची. दोघी कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल, रोज समोर असते म्हणून जिच्याकडे आपण बघतच नाही.

तिनं वहीत वकटच्या शेजारी वकटी लिहिलं. लेंडच्या शेजारी रेंडू. मुंड आणि मूडू. नाल आणि नालुगू. आयदी, ऐदू. आर, आरू. वेदच्या शेजारी एडू लिहिताना तिचं अक्षर वाकडं आलं, कारण तिचा हात घाई करत होता.

आता रचनाची घरची भाषा कोणती, ते सांगायला हवं. ती मराठी नव्हती आणि कन्नडही नव्हती. दगड घडवणाऱ्या, तळी खणणाऱ्या या लोकांचे पूर्वज कधीतरी तेलुगू मुलखातून कामाच्या मागे निघाले, आणि त्यांची बोली त्यांच्याबरोबर आली. ती तेलुगूच्या नात्यातली, पण वाटेत इतक्या गावांचं पाणी प्यालेली, की तिला शाळेच्या कुठल्याच पुस्तकात जागा नव्हती. शाळेच्या दाखल्यात मातृभाषेच्या रकान्यात "मराठी" लिहिलं होतं. कारकुनानं विचारलं होतं, मराठी का कन्नड? वडील म्हणाले होते, लिवा काय बी.

"नायना," तिनं वडिलांना हाक मारली. घरात वडिलांना ती नायना म्हणायची. मग तिनं आपल्या बोलीत विचारलं, "विटी-दांडू आपल्या लोकांनी काढला का?"

भरमानं घाम पुसला. "मला काय ठाऊक? का गं?"

तिनं वही दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला, मग हसला.

"लेंड! रेंडूचं लेंड केलं व्हय पोरांनी!" तो म्हणाला. "आपली माणसं कुठं कुठं गेली. तलाव खणायला, रस्ते करायला. संध्याकाळी मोठी माणसं भाकरी थापतात तोवर पोरं खेळतातच. कुणी कुणाचं ऐकून घेतलं, कोण सांगणार? आपल्याकडनं गेलं असंल, नाहीतर दुसऱ्या कुणाकडनं." मग त्यानं चुलत्याला हाक मारून सगळं पुन्हा सांगितलं, आणि पुढचे दगड दोघांनी "लेंड, मुंड" असं म्हणत, हसत चढवले.

रचनाला मात्र हसू येईना. उत्तर तिच्या हातात होतं, पण ते सांगायचं तर "तुला कसं ठाऊक?" हा प्रश्न येणार.

आणि त्या प्रश्नाला ती घाबरत होती, त्याला कारण होतं. निपाणीकडे येण्याआधी तिचे वडील रेल्वेच्या कामाला गुंजी नावाच्या गावी होते. तिथल्या शाळेत एकदा जेवताना ठसका लागला आणि घाईत तिच्या तोंडून घरचा शब्द निघाला, "नीळ्ळू!" नीळ्ळू म्हणजे पाणी. पाणी मिळालं. पण वर्गाला तो शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून तिचं नाव नीळ्ळू पडलं. हजेरीच्या वेळी रचना म्हटलं की मागून कुणीतरी नीळ्ळू म्हणायचं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त वर्षभर तिला कुणी डबा खायला शेजारी बोलावलं नाही. इथं आल्यावर तिनं ठरवून टाकलं होतं, घरची भाषा हायवेच्या पलीकडेच ठेवायची.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत आरोहीनं तिला टाकीजवळ गाठलं.

"मला लई भारी पुरावा मिळालाय," आरोही म्हणाली. "आप्पांनीच सांगिटला. उद्या तू माझ्या बाजूनं बोलायचंस. त्यो नाग्या तुला फितवायला बघतोय."

"मी कुणाच्याच बाजूनं न्हाय बोलली तर?"

"खुळी हाईस काय? तू आमच्यातली न्हाईस व्हय?" आरोही हे इतक्या सहज म्हणाली, जणू तिनं डब्यातली चटणी पुढं केली होती.

शाळा सुटताना फाटकापाशी नागेंद्र भेटला. तोही हळूच म्हणाला, "नी नम्माकी अल्ला?" म्हणजे, तू आमच्यातलीच ना?

दोन वेळा तोच प्रश्न, दोन भाषांत. घरी जाताना रचना विचार करत होती. गप्प बसलं तर दोघंही आपलेच राहतील. शनिवार काय, कसाही जाईल. पण मग दुसरा विचार यायचा: उत्तर ठाऊक असून लपवायचं? आणि तिला आतून ते सांगायचंही होतं. एवढी मजेची गोष्ट एकटीनं पोटात ठेवून चालणं सोपं नसतं.

शनिवारी शाळा सुटली. मैदानावर ऊन होतं, म्हणून सर टाकीच्या सावलीत बसले, मुलं भोवती.

आधी आरोही उठली. "आमचे गुंडू आप्पा म्हणत्यात, ह्यो खेळ राखणीला गेलेल्या पोरांचा. म्हणून शब्द जनावरांचे. लेंड म्हंजे शेळीची लेंडी. मुंड म्हंजे मुंडकं. नाल म्हंजे घोड्याची नाल. आर म्हंजे बैलाला टोचायची. सगळं मराठी!"

"आणि वकट?" सरांनी विचारलं.

"ते..." आरोही म्हणाली, "शेळीनं जास्त खाल्लं की ती वकती, म्हंजे ओकती. म्हणून वकट."

पोरं लोळायची बाकी राहिली. नागेंद्र पोट धरून म्हणाला, "आधी ओकायचं, मग लेंडी! शेळीचा दवाखाना हाय का खेळ?"

"तू तुझं सांग," सर म्हणाले, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

नागेंद्र घसा खाकरून उभा राहिला. "कन्नडात ओक्कट्टु म्हंजे एकी. एकी म्हंजे एक. ओक्कट्टुचं वकट झालं. झालं सिद्ध!"

हे मात्र हुशारीचं होतं. सर मान हलवून म्हणाले, "बरं. आणि लेंड?"

"एरडु... येरड... लेरड... लेंड," नागेंद्र म्हणाला. प्रत्येक शब्दागणिक त्याचा आवाज बारीक होत गेला.

"गाडी घसरली, गाडी घसरली!" आरोही ओरडली.

"दोघांचीही अर्धी अर्धी," सर म्हणाले. "अजून कुणी?"

आरोहीनं रचनाला कोपर मारलं. समोरून नागेंद्रनं भुवया उडवल्या. आता तुम्हाला आठवेल, सुरुवातीला तुम्ही मैदानात कुठं उभे होता ते.

रचना उठली. तिच्या हातात वही होती, पण तिनं ती उघडली नाही.

"सर, आमच्या घरात एकाला वकटी म्हणतात," ती म्हणाली. "दोनाला रेंडू. मग मूडू, नालुगू, ऐदू, आरू, एडू."

सर पुढं झुकले.

"पुन्हा सांग," सर म्हणाले. "सावकाश." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. तिनं पुन्हा सांगितलं. सर लिहून घेताना खेळातला एकेक शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होते.

"आमच्या घरात म्हंजे?" नागेंद्रनं विचारलं. "कुठली भाषा ही?"

"आमची. तेलुगूसारखी हाय. दगडाचं काम करणारी आमची माणसं बोलतात."

"म्हंजे तू कन्नड न्हाईस?"

"न्हाय."

"मराठीबी न्हाईस?"

ती मराठीत बोलत होती, कन्नडही तिला तितकंच नीट यायचं, आणि घरी ती तिसरंच काही होती. "बोलते की दोन्ही," ती एवढंच म्हणाली.

नागेंद्र एकदम म्हणाला, "म्हंजे दोघंबी हरलो!" आणि त्याला याचा असा काही आनंद झाला, जणू तोच जिंकला होता. बाकीची मुलं तिला विचारू लागली. पाण्याला काय म्हणतात? कुत्र्याला? शिवी आहे का एखादी? सरांनी दटावलं.

"स्पर्धेत मोठ्यानं रचना मोजेल," सर म्हणाले. "वकट, लेंड, मुंड, खेळात आहे तसंच. पण कुणी विचारलं तर कुठून आलं असावं ते आता आपल्याला सांगता येईल. असावं म्हणायचं बरं का. नक्की ठाऊक नाही."

एवढ्यात रचनाच्या लक्षात आलं की आरोही तिथं नाही. तिनं दप्तर उचललं होतं आणि ती फाटकाकडे निघाली होती. रचना मागोमाग धावली आणि तिनं तिला फाटकाच्या आत गाठलं.

"आरोही, थांब की."

आरोही वळली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज रागाचा होता. "दोन वर्सं एका बाकावर बसतोय आपण. माझ्या आजोळच्या म्हशीचं नाव ठाऊक हाय तुला. दादाच्या मोडलेल्या लग्नाचंसुद्धा तुला सांगिटलं. आणि तू तुझी भाषा कुठली ते सांगत न्हाईस?"

"तू हसली असतीस."

"हसली असती," आरोही म्हणाली. "एक दिवस हसली असती. मग गप बसली असती." आणि ती फाटकाबाहेर पडून बस स्टॉपच्या दिशेनं चालू लागली.

रचना फाटकातच उभी राहिली. मराठीत जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं, "थांब की," आणि त्यानं आरोही थांबली नव्हती. मागून नागेंद्र आणि बाकीची मुलं येत होती. रस्त्यावर आरोहीच्या गावाची, बोरगावची बस थांब्याला लागत होती. आरोही पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात रचना होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, धाकटा भाऊ रस्त्यावर धावला की घरात जसं ओरडायची तसं, "आगू!"

तिच्या बोलीत आगू म्हणजे थांब.

नागेंद्रला ते कन्नड वाटलं. कन्नडात आगु म्हणजे एखादं काहीतरी हो, बन. "काय व्हायचं?" तो गोंधळून म्हणाला. "कुणी व्हायचं?"

आरोहीला ऐकू आलं, "अगं!"

ती थांबली. बस गेली. "काय अगं?" ती तिथूनच ओरडली.

"अगं न्हाय म्हटलं. आगू म्हटलं."

"म्हंजे?"

रचना पळत तिच्यापर्यंत गेली. पण तिनं अर्थ सांगितला नाही. आरोहीच्या खांद्यावरचं दप्तर तिनं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं, तिचं मनगट धरलं, दोन्ही बाजूंचे ट्रक बघितले आणि तिला घेऊन हायवे ओलांडून पत्र्याच्या घरांच्या वाटेला लागली.